श्रावणी सोमवारचं रक्त

आमच्या कॉलेजात कोणी पाहुणा आला, की प्राचार्य विजयसिंह आधी रुद्राणीच्या शोधनिबंधाचा आकडा सांगतात आणि मग चहा मागवतात. जगभरातल्या सहाशेवर संशोधकांनी आपापल्या लेखांत या निबंधाचा आधार घेतलाय. बीडसारख्या ठिकाणी बसून हे करणं खायचं काम नाही. तिचे बाकीचे निबंध मात्र कोणी उघडूनही बघत नाही. रुद्राणी आणि मी एकाच विभागात शिकवतो, त्यामुळे आतलं सगळं मला ठाऊक आहे.

तेलगावच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी जीवरसायनशास्त्र शिकून परत जिल्ह्यातच आली. आल्या आल्या तिने जवळच्या पाली गावातल्या बायकांच्या रक्तातली साखर तपासायचं ठरवलं. रक्त उपाशीपोटीचं हवं होतं, म्हणून शिबिरासाठी मुद्दाम श्रावणी सोमवार निवडला. तिच्या माहेरी, लिंगायतांच्या त्या कडक घरात, सोमवारी संध्याकाळची पूजा होईपर्यंत पाण्याशिवाय काही पोटात जात नाही. गावातल्या बायकाही तशाच असणार, असं ती धरून चालली. कोणाला विचारलंसुद्धा नाही. आकडे आले ते डोळे पांढरे व्हावेत असे. खेड्यात एवढा मधुमेह! निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला आणि त्याच्या जोरावर तिला बढती, पीएचडीचे विद्यार्थी, विभागाला मान्यता, सगळं मिळत गेलं.

गेल्या वर्षी दुसऱ्या कामासाठी आम्ही दोघी पालीला गेलो. भिवराबाई नावाच्या म्हातारीने आग्रहाने चहाला बसवलं. शिबिराची आठवण निघाली तशी ती हसत म्हणाली, "लई गर्दी व्हती बघा. आमी समद्या भगर अन् शेंगदाण्याची आमटी खाऊनच आलतो. उपासाचा दिवस, चक्कर नको यायला. तवा माझी साखर लई निघाली. तवापासून गोळ्या चालू हायेत. कधीकधी हातपाय लटपटतेत, घाम सुटतो."

म्हणजे ते रक्त उपाशीपोटीचं नव्हतंच. सोमवारी भगर तर आमच्याही घरी शिजते, पण मला कोण विचारतंय! परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "निबंध मागे घ्यायचा. नाहीतर या बायका आयुष्यभर फुकट गोळ्या खातील आणि साखर उतरून अशाच लटपटतील."

आता आमच्या कॉलेजची रीत अशी, की प्रत्येक निबंधावर प्राचार्यांचं नाव लागतंच, मग त्यांनी परीक्षानळी हातात धरलेली नसली तरी चालतं. विजयसिंहांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कावून मागं घ्यायचा, मॅडम? आपण काय चोरी केली का? तो गेला की विभागाची मान्यता लटकली. तुमच्या हाताखालच्या पोरींच्या पीएचडी लटकल्या. त्यांच्या घरी काय सांगता?"

त्या पोरींसाठी ती काही दिवस गप्प बसली. मग न राहवून तिने नियतकालिकालाच कळवलं. उत्तर आलं, कॉलेजने चौकशी करून अहवाल पाठवावा. म्हणजे फिरून विजयसिंह! चौकशी समितीचे अध्यक्ष तेच झाले आणि त्यांनी ती 'किरकोळ त्रुटी' ठरवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रुद्राणी भांडलीसुद्धा नाही. तिने त्याच बायकांपैकी ज्या तयार झाल्या त्यांचं पुन्हा, या वेळी खरोखर उपाशीपोटी, रक्त घेतलं आणि खरा निबंध लिहिला. तो छोट्याशा नियतकालिकात आला. त्याचा उल्लेख दोघांनीच केला, त्यातली एक मी. जुन्याचा आकडा चढतोच आहे. कोणी अभिनंदन केलं की ती बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येते. मला तिची फार दया येते.

भिवराबाई दुसऱ्यांदा रक्त द्यायला आली नव्हती. निदान हिला तरी गोळ्यांतून सोडवू, म्हणून मागच्या आठवड्यात आम्ही तिच्याकडे गेलो.

"आजी, तेव्हा चूक माझी झाली," रुद्राणी म्हणाली. "तुम्हाला साखर नसेलही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या थांबवून पुन्हा तपासू."

"तुमी दुसऱ्यांदा बोलावलं तवाच इचारलं की मी डाक्टरला. त्यो म्हणला, साखर गोळीमुळंच ताब्यात हाय. रुद्राणी मॅडमचं संशोधन साऱ्या जगात मानतेत, गोळी सोडू नका."

"मीच सांगतेय ना, ते चुकलं म्हणून!"

रुद्राणीला रडू फुटलं. भिवराबाईने तिच्या गालावरून हात फिरवला.

"कोन तरास देतंय का तुमाला, बाई? घाबरू नका. तुमचं नाव मी खाली पडू देनार न्हाई."

आणि आमच्यासमोर गोळी तोंडात टाकून ती वर घोटभर पाणी प्याली.