परिणामाचा रकाना

ऐंशीच्या दशकात मी सौंसर तालुक्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात कारकून होतो. लोक मात्र बाबूजी म्हणायचे आणि मला ते आवडायचं. इतर कागदांबरोबर विषबाधेचा मासिक तक्ता माझ्याकडे होता. कुणाला विषबाधा झाली, कशानं झाली आणि पुढे काय झालं, हे लिहून छिंदवाड्याला पाठवायचं. तिथून तो भोपाळला आणि शेवटी दिल्लीला जायचा. देशभरातल्या विषबाधा तिथे एकत्र मोजतात, असं आमचे डॉक्टरसाहेब सांगत.

तक्त्याचा शेवटचा रकाना परिणामाचा होता. त्यात बरा, मृत किंवा माहीत नाही, यातलं एक लिहायचं. आमचा सगळा कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख, तेव्हा फवारणीच्या दिवसांत रोगी यायचेच. ज्याची हालत नाजूक, त्याला डॉक्टरसाहेब नागपूरला पाठवत. नागपूर जवळ, पण राज्य दुसरं. तिथे रोग्याचं काय झालं हे आम्हाला कळायची काही रीतच नव्हती. मी 'माहीत नाही' लिहायचो आणि मग वरून विचारणा यायची, माहीत का नाही?

त्या विचारणा मला झोंबायच्या. मी जात्याच तापट, त्यात हुशारीची घमेंड. मी एक युक्ती काढली. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसायचं आणि नागपूरला नेलेल्या रोग्याचा मुलगा किंवा भाऊ दिसतो का ते बघायचं. त्याचं मुंडण झालेलं असलं की रोगी मृत. केस जागच्या जागी असले की बरा. भर बाजारात 'तुझा बाप गेला का?' असं कसं विचारायचं, ही माझी सबब. खरं म्हणजे उठून जायचा कंटाळा होता आणि उत्तर ऐकायची भीतीही होती.

बायकोला ही युक्ती ऐकवली तर ती हसत सुटली. म्हणाली, "मंग सरकारनं हे काम न्हाव्यालेच द्याचं ना!" पण तक्ता पुरा भरून जाऊ लागला आणि डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी खूश होतो.

एका वर्षी पावसाळा सरताना रामाकोन्याकडच्या एका खेड्यातून एका मजुराला आणलं. अंग घामानं डबडबलेलं, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बरोबर पंचविशीतला मुलगा होता. "बाबानं फवारणी नाही केली साहेब, ते बागेत राखणीलेच होते," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. विष कुठून आलं ते काही कळेना. डॉक्टरसाहेबांनी सुई दिली आणि त्याला नागपूरला धाडलं.

आमच्याकडे एक नियम होता. विष कशातून आलं हे माहीत नसलं आणि रोगी दगावला, तर आरोग्य कर्मचारी त्याच्या घरी जाऊन धान्य, पाणी, भांडीकुंडी तपासायचा. बरा झालेल्याच्या घरी कुणी जात नसे, कारण माणसं थोडी आणि गावं पुष्कळ. म्हणजे कुणी जायचं की नाही, हे माझ्या रकान्यातल्या शब्दावर ठरायचं.

तीन आठवड्यांनी तो मुलगा बाजारात दिसला. मिरच्या घेत होता. डोक्यावर दाट केस, तेल लावून भांग पाडलेला. मी चहा संपवला, दवाखान्यात आलो आणि त्याच्या बापाच्या नावापुढे 'बरा' लिहिलं.

पुढे कापूस वेचणी सुरू झाली आणि तोच मुलगा नऊ वर्षांच्या बहिणीला हातांवर उचलून घेऊन आला. तीच लाळ, तशाच बाहुल्या. डॉक्टरसाहेब तिला बघत होते. त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "घाबरू नको गा. तुझे बाबा झाले ना बरे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबा तं नागपुरातच गेले बाबूजी. दुसऱ्याच दिवशी."

"अन् तुझं डोकं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आमच्यात नाही काढत केस. आमी बौद्ध आहो."

मी याच भागात जन्मलो, वाढलो. आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीवरून रोज सायकलनं जायचो, तिथला निळा झेंडा रोज दिसायचा. मुंडण, तेरवी हे सगळं सोडून त्यांना तीसेक वर्षं होत आली होती. मला ते ठाऊक नव्हतं, कारण त्या वस्तीतल्या एकाही मयतीला मी कधी गेलो नव्हतो. बाकी गावात कुणाकडे काही झालं की सगळ्यांत आधी मी हजर असायचो. आज हे लिहितानाही लाज वाटते. आधीच्या तक्त्यांत अशी किती गेलेली माणसं मी बरी करून ठेवली होती, तेही मला सांगता येणार नाही.

मुलीला नागपूरला पाठवलं आणि डॉक्टरसाहेबांनी त्याच दुपारी कर्मचाऱ्याला घरी धाडलं. बापानं बागेतून फवारणीच्या औषधाचे दोन रिकामे डबे आणले होते. राखेनं घासून त्यातल्या एकात तो प्यायचं पाणी नेऊ लागला होता. दुसरा घरात खुंटीला टांगलेला होता. वेचणीला जाताना मुलीनं तो काढून पाणी भरून घेतलं. तळाच्या सांध्यात साचलेलं औषध घासून जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला जाणारा माणूस मी 'बरा' लिहून अडवला होता.

बापाचा तक्ता केव्हाच वर गेला होता. दुरुस्तीचं पत्र मी पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही.

या वेळी मी स्वतः नागपूरची बस पकडली. वॉर्डापाशी पोचलो तेव्हा मुलगी गेली होती. व्हरांड्यात तिची आई भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगा तिच्या शेजारी उभा होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. टपरी, डोकी, 'बरा' हा शब्द, काही लपवलं नाही. वाटलं, हा आता अंगावर धावून येईल. आला असता तर मला हलकं वाटलं असतं.

 तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी बाजारात तुमी माह्याकडं पाहून राहिले होते. मले वाटलं, बाबाचं इचारान. मिरच्या घेऊन झाल्या, तरी मी थांबलो होतो थोडा वेळ."