अनोळखी नंबरवरचा नातू

कमळा हालदार आणि बुधरी आत्राम यांची मैत्री मोडक्या मराठीवर उभी आहे. कमळा बंगाली, बुधरी गोंड. मराठी दोघींच्याही घरची नाही. मुलचेऱ्याच्या बाजूला दोघींची गावं आहेत, मध्ये फक्त एक तलाव. बुधरी कधी मोहफुलं, कधी चारोळी घेऊन येते, कमळा तिला मासे देते, आणि मग ओट्यावर बसून दोघी एकमेकींच्या मराठीला हसतात.

"मासोळीचं डोस्कं दरवेळी ठेवून घेतेस. मले नुसतं धड."

"डोस्का खाल्ला की अक्कल येते," कमळा म्हणते.

"मंग तुले कवा येईन वं?"

चौसष्टच्या दंगलीनंतर कमळाचे आईवडील पूर्व पाकिस्तानातून निघाले तेव्हा ती लहान होती. सरकारनं त्यांना सीमेवरून आगगाडीत बसवलं ते थेट रायपूरजवळच्या छावणीत. इकडचा बंगाल तिनं पाहिला तो गाडीच्या खिडकीतून, तोही अर्धवट झोपेत. पुढं ट्रकमधून या जंगलात आणून सोडलं. बापानं झाडं तोडून बांध घातले आणि तो हिवतापानं गेला. कमळाचं लग्न इथं झालं, नवरा इथं गेला, मुलगा इथल्याच धानाच्या बांधीत साप चावून गेला. सून माहेरी गेली ती परत आली नाही. मागं राहिला नातू, अमर. रेशन कार्डावर तिचं नाव कमळा आहे. त्यातला ळ तिला अजून म्हणता येत नाही.

अमर मात्र इथल्या पोरांसारखंच मराठी बोलायचा. बारावी झाल्यावर तो पुण्याच्या पलीकडं एका बांधकामावर फरशी बसवायच्या कामाला लागला. संध्याकाळी काम सुटलं की आजीला, म्हणजे त्याच्या ठाकुमाला, फोन करायचा. "ठाकुमा, काय रांधलंस?" तिनं सांगायचं, मग त्यानं सांगायचं, त्याच्या खोलीतली डाळ किती पातळ होती ते. हे सगळं बंगालीत. त्या दोघांत दुसरी भाषा कधी आलीच नव्हती.

बचत गटाच्या बैठकीत दीपाली नावाची बँकेतली मुलगी आली होती. तिनं बायांना बजावलं होतं, "अनोळखी नंबरवरून फोन येते. आजी, मी तुझा नातू, पोलिसांनी पकडलं, असं म्हणते. आवाज काढते रडल्यासारखा. ऐकायचं नाई. कापून टाकायचा." कमळानं हे नीट लक्षात ठेवलं होतं. तिला कुणी काही समजावून सांगितलं की ती ते पाळते. तशी तिची सवयच आहे.

श्रावणात एका दुपारी ती मासे साफ करत होती. फोन वाजला, नंबर अनोळखी होता. हात बरबटलेले, म्हणून तिनं करंगळीनं तो चालू केला.

"आजी, मी अमर. पोलीस स्टेशनमधून बोलून राह्यलो. साहेब विचारतीन त्याचं उत्तर दे. मराठीतच बोल."

आवाज बसका होता, घाईचा होता.

"अमर मले आजी नाई बोलते," कमळा म्हणाली. "तू चोर."

"आजी, ऐक ना…"

मग दुसरा आवाज आला, जाडा. "बाई, या मुलाला ओळखता का?"

"नाई. नाई ओळखतो. पैसा नाई, काई नाई." तिनं फोन बंद केला आणि उरलेले मासे साफ केले.

संध्याकाळी तिनं ही हकिकत बुधरीला सांगितली, जरा तोऱ्यातच.

"बरं केलंस," बुधरी म्हणाली. "आमच्या टोल्यात एकाचे सारे पैसे गेले असेच."

त्या संध्याकाळी अमरचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं लावला तर बंद. तिसऱ्या दिवशी भैयाजी आले. शेजारच्या गावात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आजूबाजूच्या चार गावांची कामं तेच करून देतात. अमरच्या मुकादमानं त्यांचा नंबर शोधून काढला होता.

"बाई, अमरले धरून नेलं. त्याले बंगालीत बोलताना कोनीतरी ऐकलं. बांगलादेशी हाय म्हणून कळवलं."

"कोणासंग बोलत होता?"

भैयाजी म्हणाले, "तुमच्यासंगच, बाई. अजून कोनासंग बोलते तो बंगालीत?"

कमळानं आपला फोन पदराखाली ठेवला.

"अन् साहेबानं घरी फोन लावला, तर तुमी ओळखच देली नाई म्हणते."

"त्याने आजी म्हटला," कमळा म्हणाली. "मले आजी म्हटला तो."

"बंगालीत बोलू देत नोते ना त्याले."

भैयाजींनी तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडचा माणूस उद्धट नव्हता, नुसता कंटाळलेला होता. "परवा बाई नाही म्हणाल्या. आज हो म्हणतायत. मी काय समजू? बंगाली आहेत ना, मग बंगालकडून पडताळणी येऊ द्या."

"साहेब, हे लोकं बंगालात राह्यलेच नाईत. सरकारनंच यांले इथी बसवलं. पोरगा आमच्याच शाळेत शिकला."

"असेल. तुमच्या जिल्ह्यालाही विचारलंय. उत्तर आलं की बघू."

कमळा पुढं सरकली आणि फोनवर वाकली. "साहेब, तिकडून मी आला. मले बसवा तिथं, त्याले सोडा. तो तर इथी जन्मला."

भैयाजींनी पटकन फोन तळहातानं झाकला. "बाई, असं बोलू नोका. खरं हाय, पन असं बोलू नोका."

त्यानंतर तिला करण्यासारखं काही उरलं नाही. भैयाजी तहसीलला जायचे तेव्हा ती बरोबर जायची आणि व्हरांड्यात बसून राहायची. कुणी काही विचारलं तर भैयाजींकडं बघायची, कारण आपलं कोणतं वाक्य अमरला नडेल हे आता तिला कळत नव्हतं. घरी ती भात टाकायची आणि तसाच झाकून ठेवायची.

बुधरी येऊन बसायची. एकदा म्हणाली, "आमच्या नातवाच्या दाखल्यावर मास्तरनं हिंदू लिवून टाकलं. आमचे देव येगळे, आमची भाषा येगळी. आमाले कोनी पुसलंबी नाई. तुमाले पुसते तरी."

"नाई पुसला तर बरा," कमळा म्हणाली.

पोळा होऊन गेला आणि अमर सुटला. कुणाच्या उत्तरामुळं सुटला, ते कुणी सांगितलं नाही. आल्लापल्लीहून येणाऱ्या बसमधून तो उतरला तेव्हा त्याचे केस अगदी बारीक कापलेले होते. अंगणात येऊन तो म्हणाला, "आजी, पाणी दे."

लोक जमले होते, म्हणून तसं म्हणत असेल, असं तिला वाटलं. लोक गेले. तिनं दार लोटलं, भात वाढला, माशाचं डोकं त्याच्या ताटात ठेवलं आणि बंगालीत म्हणाली, "मी तुला ओळखलं नाही रे."

"राहू दे, आजी," तो मराठीत म्हणाला.

ती बंगालीत बोलत राहिली. तो मराठीत उत्तरं देत राहिला, आणि दर खेपेला त्याची नजर दाराकडं जात होती. शेवटी तिनंच बंगाली सोडली. तिच्याजवळ जेवढी मराठी होती तेवढीत तिनं विचारलं, "तिथं मारला तुले?"

"नाई."

"खरं बोल."

"नाई मारलं, आजी. जेव तू."

हेच तो बंगालीत बोलला असता तर खरं की खोटं, ते तिला पहिल्याच शब्दाला कळलं असतं. लहानपणापासूनचं त्याचं सगळं खोटं तिनं असंच पकडलं होतं. मराठीतला त्याचा आवाज तिच्या ओळखीचाच नव्हता. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खाली मान घालून काटे काढत होता.