मेणबाई आणि सातवा तुकडा

लॅबमध्ये तिला सगळे मेणबाई म्हणत. सव्वीस वर्षं एकच काम: उंदराच्या आतड्याचा नखाएवढा तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, मेण थिजलं की त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर चढवायचे. तो वास तिच्या केसांत मुरला होता. घासालाही तोच वास येई. तिला त्याचा वीट आला होता, पण हात चुकत नसे.

पेशींचं गणित ती कुणालाही दोन वाक्यांत सांगे. "वरच्या अंगाला एक प्रोटीन बसतं, खालच्या अंगाला दुसरं. म्हणून तर सगळ्या तोंड वर करून एका रांगेत उभ्या राहतात."

लॅब चालवणाऱ्या सरांनी उंदरांमधलं ते वरचं प्रोटीन काढून टाकलं होतं. आता रांगा मोडणार, पेशी एकमेकींवर चढणार, असं ते तीन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. पेशी मात्र कुठल्या ऐकायला! स्लाइडमागून स्लाइड, रांगा जशाच्या तशा.

फक्त सातव्या तुकड्यात ढीग दिसला. सर खुर्चीतून उडालेच. मेणबाईने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तिच्या लगेच लक्षात आलं. तुकडा मेणात कलंडला होता. रांग तिरकी कापली गेली की एकच थर चार थरांसारखा दिसतो. नवख्याची चूक, आणि ती तिच्या हातून झाली होती.

"सर, हा तिरका बसलाय. चूक माझी."

"चूक कसली, मेणबाई! हेच तर हवं होतं. आता लेख छापू, त्यात तुमचंही नाव टाकतो."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नाव. ती पुढचा तुकडा मेणात बसवायला वळली. घरी सांगितलं, तर लेख चौकटीत लावायला म्हणून नवऱ्याने लगेच भिंतीत खिळा ठोकला. सरांची किळस तिला जुनीच होती. आतडी ठेवलेल्या फ्रिजातच ते आपला डबा ठेवत आणि हात न धुता तिचा खांदा थोपटत. पण दोन दिवस त्या खिळ्याकडे बघून तिला बरं वाटलं, आणि शिसारी आली ती या बरं वाटण्याची.

तिसऱ्या दिवशी बाहेरच्या एक तज्ज्ञ बाई तो ढीग बघायला येणार होत्या. सकाळीच मेणबाईने सातव्या तुकड्याभोवतीचं मेण वितळवलं, तुकडा चिमट्याने उभा केला, मेण पुन्हा थिजवून काप काढला आणि नवी स्लाइड जुनीच्या शेजारी मांडली.

तज्ज्ञ बाईंनी दोन्ही पाहिल्या. "अहो, या दुसरीत तर सगळ्या रांगेत उभ्या आहेत!"

"तोच तुकडा आहे, मॅडम. आधी माझ्याकडून कलंडला होता, आता सरळ बसवलाय."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. पाहुण्या बाई जाताच ते दातओठ खात म्हणाले, "नाव नको होतं वाटतं तुम्हाला?"

"हवं होतं सर, फार हवं होतं. पण या घाणीवर नको."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "अगं, लेख कधी येतोय?"

"येत नाहीये." तिने आपली पिशवी त्या खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि पानावर बसली. घासाला मेणाचा वास होताच. तिने दोनदा वाढून घेतलं.