खापरांची शेती

गोंदियाच्या दवाखान्यात शेवंताताईला मी शेवटचं भेटलो तेव्हा तिला बोलायला त्रास होत होता. छातीत पाणी झालं होतं. दोन शब्द झाले की थांबायची, छताकडे बघायची, मग पुढचा शब्द. मी उशाशी बसून काहीबाही बोलत होतो, लवकर घरी नेऊ, भाऊजींनी अंगण सारवून ठेवलंय, असलं. तिनं हातानंच मला गप्प केलं. "वसंता, बुद्धपौर्णिमा होईस्तोवर त्याइले मोजू देऊ नको," ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळानं, "आता मोजतीन तर सारं मेलं म्हणून लिहतीन." शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं असेल, ही तापात बरळते आहे. मला मात्र लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच मी घाबरलो. कंपनीच्या ज्या रजिस्टरात दोनच आठवड्यांपूर्वी 'जिवंत' असं लिहिलं गेलं होतं, त्यातलं अक्षर माझं होतं. मी हौ म्हटलं आणि संध्याकाळच्या गाडीनं बालाघाटला परतलो. सकाळी दवाखान्यातून भाऊजींचा फोन आला. "लायब्ररी, ये. तुही ताई गेली."

भाऊजी मला लायब्ररीच म्हणतात. मी बालाघाटच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, ते उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे लांजीकडचे. लग्न होऊन ती उकव्याला गेली आणि तिथंच एका लाकूड कंपनीच्या नर्सरीत रोजीनं लागली. पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, माती भरण्यापासून सुरुवात करून पंचवीस वर्षांत ती त्या नर्सरीची मुकादम झाली. कंपनीचं काम असं, की लोकांच्या पडीक जमिनी करारानं घ्यायच्या, साग किंवा निलगिरी लावायची, वाढली की तोडून आरामशीनवर चिरायला न्यायची, आणि तोडलं तिथं पुन्हा लावायचं. अलीकडे बाहेरचे खरेदीदार विचारू लागले, की तुम्ही लावता ते सगळं तोडण्यासाठीच लावता का? त्यांच्या अटीसाठी कंपनीनं थोडी जमीन इथल्या मूळच्या झाडांना सोडायचं ठरवलं. उकव्याजवळचा उताराचा एक तुकडा त्यासाठी निघाला आणि ताईनं तिथं सरई लावायला मागितली. पुस्तकात जिला साल म्हणतात ती. अट एवढीच होती: तिसऱ्या वर्षीच्या मोजणीत निम्म्याहून जास्त रोपं जिवंत निघाली तर तो तुकडा कायमचा सरईचा, त्याला कुऱ्हाड लागणार नाही. नाहीतर ट्रॅक्टर घालून निलगिरी.

ही अट ऐकून मी पहिल्यांदा ताईला म्हटलं होतं, दुसरं काहीतरी लाव. कारण सरईचा स्वभाव मला तिच्याकडूनच माहीत होता. सरईचं रोप पहिली काही वर्षं दर हिवाळ्यात वरून मरतं. उकव्याकडे थंडीत गवतावर पांढरं दहिवर साचतं, त्यानं करपतं. मग उन्हानं उरलासुरला दांडा वाळतो. मार्चमध्ये बघाल तर जमिनीतून वर आलेली काडी, बस. मूळ मात्र खाली वाढतच असतं, आणि भर उन्हात, मे महिन्यात, त्या काडीच्या बुडातून तांबडी पानं येतात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जातात. असं किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नाही. एखाद्या वर्षी ते वरचं मरणं थांबतं आणि झाड होतं. ताई हे सगळं अनुभवानं शिकली होती, आणि फार वाईट अनुभवानं. नर्सरीत लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी सरईचा एक अख्खा वाफा तिनं मेला म्हणून पन्न्यांसकट मागच्या नाल्यात टाकून दिला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच ठरवलं. मे महिन्यात पाण्याचा पाइप फुटला म्हणून ती नाल्यात उतरली, तर ढिगाऱ्यावर सगळीकडे तांबडी पानं. त्यातली निम्मी शेळ्यांनी खाल्ली होती. "मले वाटलं, कोणीतरी माह्याकडे पाहून राह्यलं," असं ती मला सांगायची. नर्सरीचे साहेब रागावले नाहीत. पण तेव्हापासून कुठल्याही गोष्टीला मेली म्हणायला ती घाबरायची. घरातली जुनी घड्याळं, बंद पडलेला रेडिओ, काहीही टाकायची नाही. भाऊजी म्हणायचे, "मी गेलो तरी हे बाई मले मे महिना येईस्तोवर जाळू देणार नाई."

तर त्या तुकड्यावर तिनं प्रत्येक रोपाशेजारी कवेलूचा, म्हणजे घरावरच्या कौलाचा, एकेक तुकडा रोवला. पानं नसली की काडी गवतात हरवते, निंदणीच्या बाया ती उपटून टाकतात, म्हणून ही खूण. उतारभर नुसती खापरं दिसायची. येणारे-जाणारे रस्त्यावरून ओरडायचे, "बाई, औंदा खापरं किती पोती झाली?" ती तशीच वाकलेली राहून सांगायची, "तुह्या घरावर पुरतीन एवढी झाली, घेऊन जाय."

मार्चअखेरीला कंपनीला अहवाल द्यावा लागे, आधी नुसता नर्सरीचा, मग या तुकड्याचाही. ताईचं शिक्षण आठवीपर्यंतचं, लिहिण्याचा तिला कंटाळा, म्हणून ती बैहरच्या बसनं रजिस्टर घेऊन माझ्याकडे यायची. माझ्या पुस्तकांच्या खोलीत खाली बसायची, पाय लांब करून, आणि कपाटांकडे बघत म्हणायची, "इतके वर्स झाले, यातल्या एकाले तरी पालवी फुटली काय?" मग मी रकाने आखायचो. रांग, रोपं, जिवंत, मृत. ती म्हणायची, "लिही, सारे जिते हाय." आणि मी दर वर्षी पेन वर धरून विचारायचो, "पाहिलंस का तू?"

हा प्रश्न मी का विचारायचो, ते सांगायला हवं. ग्रंथालयात वर्षातून एकदा साठ्याची पडताळणी होते. पुस्तक कपाटात दिसलं नाही तर नाही असं लिहायचं. ते कोणाच्या घरी असेल, परत येईल, हे मनात ठेवायचं, कागदावर आणायचं नाही. तीस वर्षं मी हेच केलं. न बघितलेल्याला 'आहे' लिहिण्याची मला भीती वाटते, अजूनही वाटते. पहिल्यांदा मी तिला असं विचारलं तेव्हा रोपं नर्सरीतली होती, ती तरुण होती, गोंधळून गेली. म्हणाली, "पानच नाई तर पाहू काय?" पुढच्या वर्षापासून तिच्याकडे उत्तर असायचं. "खरवडून पायलं. रांगेत एक. खाली हिरवं हाय." काडीच्या बुडाची माती बोटभर उकरायची, तिथली साल अंगठ्याच्या नखानं खरवडायची. आत हिरवं, ओलसर दिसलं तर मूळ जिवंत. रांगेतलं एक पाहिलं की रांगेचा अंदाज येतो. माझं समाधान व्हायचं आणि मी लिहायचो. या मार्चमध्येही तिनं तसंच केलं. तेव्हाच तिला धाप लागत होती, पण मी पेन वर धरल्यावर ती लगेच म्हणाली, "पायलं बाप्पा, पायलं. लिही."

तिला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हा मॅनेजरचा फोन आला. तरुण, सभ्य माणूस. "सर, ऑडिट वाली मैडम आ रही हैं। रजिस्टर आपके हाथ का है, आप आ जाइए।" मी म्हटलं, मे अखेरपर्यंत थांबता येईल का? तो म्हणाला, तारीख त्याच्या हातात नाही. त्या दोन रात्री मी काय काय विचार केले ते आता आठवतही नाही. ताईचं खोटं ठरेल ही एक भीती. ती चुकली असेल ही दुसरी. आणि ती चुकली असेल असं आपल्याला वाटतंच कसं, ही तिसरी.

उतारावर ऊन रणरणत होतं. एकाही खापराशेजारी पान नव्हतं. मॅडम हातात टॅब घेऊन एकेक रांग चालत होत्या, मागे मॅनेजर, त्याच्या मागे मी. भाऊजी आले नव्हते. तीन रांगा झाल्यावर मॅनेजर थांबला. रजिस्टरात प्रत्येक रांगेत वीस रोपं होती. जमिनीवर खापरं एकवीस. चौथी रांग, एकवीस. पाचवी, एकवीस. "सर, ये क्या है?" त्यानं हळू आवाजात विचारलं. मला माहीत नव्हतं. न बघितलेलं लिहायचं नाही म्हणणारा मी, त्या उतारावर तीन वर्षांत एकदाही आलो नव्हतो. रांगेत किती खापरं आहेत हेही मी कधी मोजलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "इनको जीवित किसने देखा?" मी म्हणालो, "लिखा मैंने है। देखा मेरी बहन ने था।" त्या म्हणाल्या, "तो उनको बुलाइए।" खरवडून दाखवावं हे मला सुचलं नाही. ती गेली, हे मॅनेजरनंच त्यांना सांगितलं. मॅडमनी टॅब बंद केला. त्यांना मे अखेरीला बैहरला दुसऱ्या कामानं यायचंच होतं. तेव्हा शेवटचं बघू, तोपर्यंत तुकडा आहे तसा ठेवा, असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

पुढचा महिना कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. भाऊजी रोज सकाळी उतारावर जायचे आणि मला फोन करायचे. ज्या माणसानं त्या खापरांची सगळ्यात जास्त थट्टा केली, तो आता त्यांच्याशी काय बोलत असेल कोण जाणे. "नाई," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. बुद्धपौर्णिमेला आम्ही उकव्याच्या विहारात तिच्या नावानं खीर वाटली. त्या दिवशीही "नाई." त्यानंतर चार-पाच दिवसांनी फोन आला तो वेगळा होता. "लायब्ररी, आले," भाऊजी म्हणाले. "लाल लाल हाय. तू पायले ये."

मॅडम आल्या त्या दिवशी उतारावर निम्म्याहून कितीतरी जास्त खापरांशेजारी तांबडी पानं होती. तुकडा वाचला. निलगिरी येणार नाही. मॅनेजर खुश होता, कारण त्याचा हिशेबही जुळला होता. "सर, रजिस्टर की गिनती सही निकली। हर लाइन का पहला वाला मरा है। वो छोड़ दो तो पूरे बीस।" तो हसून पुढे गेला. मी उताराच्या डोक्याशी उभा राहून खाली पाहिलं. रांगांमध्ये इकडेतिकडे काही काड्या कोरड्या होत्या, पण रांगेचं पहिलं खापर प्रत्येक रांगेत रिकामं होतं. एकही चुकलं नव्हतं. मी वाकून एका काडीच्या बुडाची माती बाजूला केली. साल खरवडल्याची जुनी जागा दिसली, वाळवीनं पोखरलेली. दुसऱ्या रांगेत तेच. तिसरीनंतर मी बघायचं थांबवलं.

घरी भाऊजींनी चहा केला. ताई करायची तसाच, अद्रक जास्त घातलेला. मी त्यांना पहिल्या खापरांचं विचारलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. "ते तुहे होते," ते म्हणाले.

"माझे?"

"नख लागलं का ते जगत नाई. वाळवी धरते. तिले नर्सरीतच समजलं होतं हे. पण मार्च आला का तू इचारणार, पायलं का, पायलं का. मंग ती रांगेच्या तोंडाशी एक जास्तीचं लावे. म्हणे, हे भावाचं. एक गेलं तर चालते, त्याले लिहाले तर पाहिजे. मेलं का जूनमंदी त्या जागी दुसरं बी टाके."

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं? मोजणीच्या वेळी?"

"तू इचारलंच नाई," भाऊजी म्हणाले. रागानं नाही, साधंच.

हे समजून आता काही दिवस झाले. मी माझ्या त्या खोलीत बसून हे लिहितो आहे. इतकी वर्षं माझ्या एका प्रश्नापायी किती रोपं गेली, त्याचा अंदाज करायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. ताई मला एकदा सांगू शकली असती. भांडली असती तर मी ऐकलं असतं, असं मला वाटतं, खात्री नाही. तिनं माझ्या भीतीला समजावण्यापेक्षा त्या भीतीसाठी वेगळी जागा काढून ठेवली, रांगेच्या तोंडाशी, आणि मला कळूही दिलं नाही. आम्ही दोघंही घाबरटच. ती मेलं म्हणायला घाबरायची, मी जिवंत म्हणायला. तिच्या घाबरण्यानं उतारभर झाडं राहिली. माझ्या घाबरण्यानं काय झालं, ते मी पाहून आलो आहे.

काल भाऊजींचा फोन आला. कंपनी त्याच तुकड्याला लागून आणखी काही रांगा लावायला तयार आहे, त्यांनी हाताखाली दोन बाया घेऊन ते काम मागितलं आहे. सरईचं बी झाडावरून पडलं की आठवडाभर टिकतं, त्याच्या आत मातीत जायला हवं. आणि पाच-सहा दिवसांत पडायला लागेल असं ते म्हणाले. अहवाल पुढच्या मार्चमध्येही लागणार आहे आणि तो मीच लिहावा असं मॅनेजरचं म्हणणं आहे. सगळं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "लायब्ररी, औंदा रांगेच्या तोंडाशी एक जास्तीचं लावू का नको लावू?"

मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही.