गौरीची एका सेकंदाची नजर

मंडळी, आत्ताच अहमदपूरकडच्या एका गावाहून नांदेडला परतले. हात अजून साबणानं चिकट आहेत.

स्वमग्न मुलांवरच्या संशोधनासाठी मी घरोघरी जाते. साबणाचे फुगे उडवायचे आणि फुगा बघून मूल आईकडं बघतं का, ते लिहायचं. 'आई, बघ ना!' हे लेकरू बोलायच्या आधी नजरेनं सांगतं. चार वर्षांच्या गौरीनं (नाव बदललंय) ते कधीच सांगितलं नव्हतं.

आज माझी साबणपाण्याची बाटली पिशवीतच सांडली. या दुष्काळात तिथं टँकर आठ दिवसांनी येतो. पाणी मागायची लाज वाटली. गौरीच्या आईनं न मागताच पिंपाचं कुलूप काढलं आणि पेलाभर पाणी दिलं.

त्यात साबण कालवून मी फुगे उडवले. मान खाली घालून 'नाही' लिहीत होते, तेवढ्यात त्या ओरडल्या, "मॅडम, बघितलं की ओ तिनं माझ्याकडं!"

आईला भास झाला असेल, असं वाटलं. मोबाइलवर चित्रीकरण चालूच होतं; व्हिडिओ मागं नेला. फुगा, आईचा चेहरा, पुन्हा फुगा. जेमतेम एक सेकंद!

मी 'नाही' खोडेपर्यंत त्या पुन्हा पिंपाशी पोचल्या होत्या. "अजून एक पेला घ्या, मॅडम."

तुमच्या लेकरानं असं पहिल्यांदा कधी बघितलं, आठवतंय का कुणाला?