ठेकेदाराच्या बंगल्यानंतरचा नंबर
लेसर कटिंगच्या दुकानात घराच्या नंबराची पाटी करून घेताना जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मी थेट गेवराईच्या नाल्यापलीकडच्या वस्तीत जाऊन पोचलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्ड्रिंकच्या कंपनीला जाहिरात रंगवायला वस्तीच्या भिंती बरोबर सापडल्या, पालिकेला मात्र नळ द्यायला वस्ती सापडत नव्हती. घरांना नंबर नाहीत म्हणे. मग आम्ही संघटनेच्या पोरांनीच जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून तापलेल्या सुरीने आकडे कापले. गावातला शेवटचा नंबर वाळूच्या ठेकेदाराच्या बंगल्यावर होता, त्याच्या पुढचा आम्ही वस्तीतल्या पहिल्या दारावर लाल रंगात उमटवला. त्या घरातल्या मावशीने नव्या वस्तूला लावतात तसं ओल्या रंगावरच हळदीकुंकू लावलं. मी वैतागलो, "मावशी, आकडा फिसकटला की." ती म्हणाली, "फिसकटू दे, घर माझं हाय." दुपारी पालिकेचा मुकादम रॉकेलचा बोळा घेऊन नंबर पुसायला आला. "कुणाला इचारून टाकले बे हे?" माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, पण मावशीच पुढं झाली. "पुसा की दादा. सवाष्णीच्या दारचं कुंकू हाय, पुसा तुमच्या हातानं." मुकादमानं बोळा मागं घेतला, "ऱ्हाऊ द्या" म्हणाला आणि सायकलीवर टांग मारून गेला. मग मी दारोदार आकडे उमटवत गेलो आणि मावशी करंडा घेऊन माझ्यामागून. नळ पुढं मोर्चे काढून आणलाच. आज दुकानदार विचारतो, पाटीवर नक्षी कोणती टाकू? म्हटलं, नक्षी नको, आकड्याच्या वर कुंकवापुरती जागा सोड.