ब्लर केलेला नायक

“कुरियन ख्रिश्चन आहे ना? मग आणखी काय शोधायचं?”

राव सरांचं हे वाक्य मी पॅन्ट्रीत कप धुताना ऐकलं. शेजारी त्यांची केबिन होती आणि मधलं दार नीट लागत नसे. राव सर आमच्या चॅनेलचे प्रोग्रामिंग हेड. ते एचआरशी फोनवर बोलत होते. मी नळ चालूच ठेवला. पाणी वाहत असलं की आत कोणी आहे हे कळतं, पण ते ऐकतंय असं वाटत नाही.

“एक माणूस गेला की चॅनेल सेफ,” ते पुढे म्हणाले. “आज मीटिंगनंतर लेटर द्या. खलास.”

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी दुबईत मुलांच्या एका चॅनेलमध्ये व्ह्यूअर होते. व्ह्यूअर म्हणजे टेप ऑन एअर जाण्याआधी बघणारी. दारूची बाटली, चुंबन, कुठल्याही धर्माचं चिन्ह दिसलं की जागा टिपायची आणि टेप एडिटरकडे द्यायची. एडिटर तो शॉट कापतो, नाहीतर ब्लर करतो, म्हणजे तेवढा भाग धुरकट करतो. हे काम आवाज बंद ठेवून करायची आमच्याकडे पद्धत होती. संवाद कागदावर दुसऱ्या टीमकडे जायचे. त्यामुळे चित्र बघणाऱ्याला गोष्ट माहीत नसे आणि गोष्ट वाचणाऱ्याला चित्र.

कोणी हरकत घेण्याआधी आपणच हरकत घ्यायची, हा राव सरांचा नियम. बाहेरून आजवर कोणाचा फोन आलेला नव्हता. पण ऑफिसात सगळे परदेशी, सगळ्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. तो नियम कोणालाच जास्तीचा वाटत नसे.

मी मात्र हेडफोन लावून बघायचे. मुकं कार्टून बघताना मला झोप येते. म्हणून त्या मालिकेची गोष्ट मला माहीत होती. एक सुपरहिरो. वडिलांनी दुसऱ्या जगातून पृथ्वीवर पाठवलेला. साध्या नवरा-बायकोने वाढवलेला. लोकांना वाचवत फिरणारा. एक दिवस त्याचा मित्रच त्याला शत्रूच्या हाती देतो. शहर सुटावं म्हणून तो स्वतःहून जातो. बंदरातल्या क्रेनला त्याला हात पसरून बांधतात आणि तो मरतो. शेवटच्या भागात त्याला ठेवलेली गुहा रिकामी सापडते. पहिल्यांदा कळतं ते बायकांना.

मी अबुधाबीत नन्सच्या शाळेत शिकले. घरी गणपती, शाळेत कॉयरमधली प्रार्थनागीतं. गुड फ्रायडेच्या आधी सिस्टर दर वर्षी हीच गोष्ट सांगायच्या. मित्र दगा देतो तिथेच मी ओळखलं. नंतर मला ती बऱ्याच सुपरहिरोंमध्ये दिसायला लागली. वरून आलेला, आपल्यात वाढलेला, दुसऱ्यांची शिक्षा अंगावर घेणारा, मरून परत येणारा. लिहिणाऱ्यांनी लहानपणी जे ऐकलेलं असतं, ते मोठेपणी केप घालून बाहेर येत असावं.

पण चित्रात क्रॉस कुठेच नव्हता. तिरकी क्रेन होती, साखळ्या होत्या. गोष्टीसाठी आमच्याकडे नियमच नव्हता. मी टेप ‘क्लिअर’ म्हणून कुरियन सरांकडे दिली.

कुरियन सर आमचे सीनियर एडिटर, कोट्टायमचे. ते टेप लावून बघत होते आणि मी मागच्या खुर्चीवर बसले होते. राव सर चहाचा कप घेऊन आत आले. आवाज अर्थातच बंद होता. स्क्रीनवर पसरलेले हात होते.

“हे काय? ब्लर करा.”

“सर, क्रेन आहे फक्त.”

“कुरियन, मला शिकवू नका. हात ब्लर करा, मागचा खांब ब्लर करा. यल्ला, चला लवकर.”

कुरियन सरांनी सांगितलं तेवढंच केलं. हातांवर एक आडवी धुरकट पट्टी, खांबावर एक उभी. संध्याकाळी तो भाग ऑन एअर गेला. क्रेन तिरकी होती ती कोणाला दिसलीच नाही. दिसला तो धुराचा सरळ, ठळक क्रॉस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅन्ट्रीत राव सरांचं ते वाक्य ऐकलं आणि थोड्या वेळाने आमचे स्पॉन्सर सबनीस काका आले. बिस्किटं आणि वेफर्स आयात करतात, अजमानला त्यांचं गोडाऊन आहे. मालिकेच्या खाली त्यांच्या बिस्किटाचं नाव चालायचं. टेपच्या डब्यावर माझी सही होती, म्हणून मीटिंगला मलाही बोलावलं.

“नातू विचारतो, ग्रँडपा, व्हाय आर दे हायडिंग द क्रॉस?” काका टेबलावर बोट आपटत हिंदीत म्हणाले. “सुपरमार्केटवाला फोन करून हसतो. सबनीसभाई, बिस्किट बेचते हो या बायबल? मी काय सांगू त्याला?”

“शेवटचा भाग आम्ही दाखवणार नाही,” राव सर म्हणाले.

“म्हणजे हिरो मेला तो मेलाच? मग पोरं रडतील, आणि खाली माझं बिस्किट.”

“सर, अ‍ॅक्शन घेतोय आम्ही. हे एडिटरने मुद्दाम केलेलं आहे. त्याने शेप दिला. मला कसं कळणार?”

कुरियन सरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग टेबलाकडे. बोलले नाहीत. त्यांची मुलगी दहावीला होती. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर आणि शाळा. भांडून गेलं तर बॅनही लागू शकतो, मग काही काळ इथे दुसरी नोकरी करता येत नाही. गप्प बसण्यात निदान तेवढं तरी वाचत होतं. आरोप होत असताना गप्प राहिलेल्या माणसाबद्दल सिस्टर जे सांगायच्या, ते मला आठवलं. एकाला देऊन टाकू म्हणजे बाकीचे सुटतील, असं त्या गोष्टीतही एक जण म्हणतो. तो पुजारी असतो. इथे प्रोग्रामिंग हेड होता.

मी मीटिंगमध्ये बोलत नसे. विचारलं तर मान हलवायचे. माझाही व्हिसा याच कंपनीचा होता.

काका माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “तू कुलकर्ण्यांची ना? मंडळाच्या आरतीला मागे उभी असतेस, टाळ्यासुद्धा हळू वाजवतेस. घाबरू नको. तू बघितलंयस सगळं. हे चर्चचं आहे की नाही? मला सांग, आपल्यातच राहील.”

आपल्यातच राहील, म्हणजे मराठी न येणाऱ्या बाकी दोघांना कळणार नाही. हळूच मराठीत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. माझे हात टेबलाखाली होते, ते मी वर घेतले.

पुढचं आधी सांगून टाकते. कुरियन सरांना लेटर मिळालं नाही. तो भाग ब्लर काढून पुन्हा दाखवला, मागोमाग शेवटचाही. कोणाचा फोन आला नाही. काकांनी बिस्किट मागे घेतलं नाही. नातवाला हिरो परत आलेला हवा होता. राव सर बरेच महिने माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. पण टेप आवाज लावून बघायची, असा नवा नियम त्यांनीच काढला. मी त्यातून कामापुरतं एवढंच शिकले, की झाकायच्या आधी ते कोणाला दिसतंय का, हे विचारावं.

त्या खोलीत मी काकांना उत्तर दिलं, पण इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“गोष्ट तिथलीच आहे, अंकल. चित्रात मात्र क्रॉस नव्हता. तो आपल्या ब्लरमुळे आला. आणि कुरियन सर नको म्हणत होते तेव्हा ब्लर करा असं राव सरांनी सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते.”